कलौंजी आणि बायनाबाईंची गोळी

राधाकिशनने सोनपेठच्या बसस्टँडमागे लाकडी घाणा टाकला तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त करडई होती. करडई घरच्या शेतात पिकत होती, आजोबांच्या काळापासून पिकत होती, आणि तिचं तेल चांगलं असतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. अडचण तीच झाली. लोक यायचे, मोटारीवर घाण्याची लाट, म्हणजे तो लाकडी दांडा, फिरताना बघायचे, आपल्या लहानपणी बैलाचा घाणा कसा होता ते सांगायचे, आणि जाताना शेजारच्या किराणा दुकानातून पिशवीतलं सोयाबीन तेल घेऊन जायचे.

कलौंजी आली ती मोबाईलमधून. पाथरीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने त्याला मेसेज पाठवला. काळं, तिळाएवढं, कोनदार बी. त्यापासून होणारे बावीस फायदे. सुरुवात गुडघ्यांपासून होती आणि शेवट सर्दीवर. मधे केस, काळीज, लिव्हर, साखर, रक्तदाब, आणि एका ठिकाणी नुसतंच 'मन'. व्यापाऱ्याकडे मध्य प्रदेशातून नुकतीच कलौंजी उतरली होती. राधाकिशनने एक पोतं मागवलं.

पहिलं गिऱ्हाईक रंगनाथ. गोदाकाठच्या गावचा, बोलायला तयार माणूस. त्याने बी चिमटीत घेऊन उन्हात धरलं आणि हे तर कांद्याचं बी हाय, माझ्या घरी डबाभर पडलंय, असं सांगून तो निघून गेला. त्याच्यामागे आणखी चौघांनी तेच सांगितलं. तेव्हा राधाकिशनच्या लक्षात आलं की बी विकण्याआधी कागद छापावा लागेल.

कागदासाठी त्याला बाहेर जायची गरज नव्हती. त्याची मुलगी प्रियदर्शनी परभणीला अन्नतंत्र शिकत होती. तिने पुस्तकं आणि संशोधनाचे लेख उघडून दोन दिवसांत नीट टिपण पाठवलं. वीसेक टक्के प्रथिनं. पस्तीस-चाळीस टक्के तेल, त्यातलं बरंचसं लिनोलिक आम्ल. कॅल्शियम, लोह, जस्त. तंतू. आणि थायमोक्विनोन नावाचा एक घटक, ज्याच्यावर जगभर काम चाललंय. खाली तिने दोन ओळी लिहिल्या होत्या: हे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत, आणि अभ्यास अजून छोटे आहेत, साखर थोडी उतरलेली दिसली तीही चालू औषधांसोबत, तेव्हा औषध बंद करू नये.

छापखानेवाला म्हणाला की जागा कमी पडते, दोन ओळी काढा. राधाकिशनने दोन ओळी काढल्या. त्या जागी मोबाईल नंबर आणि घाण्याचा फोटो आला. तरीही पत्रकातला एकही आकडा खोटा नव्हता, हे तो पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिला.

पत्रक चाललं. ते थायमोक्विनोनमुळे चाललं. तो शब्द सोनपेठात कुणालाही नीट म्हणता येईना, आणि जे म्हणता येत नाही त्यात काहीतरी असणारच यावर गावाचं एकमत झालं. रंगनाथने तो चार दिवसांत पाठ केला आणि परत येऊन तेलाची बाटली नेली. घरच्या कांद्याच्या बियात तेवढंच नव्हतं, असं तो म्हणाला.

राधाकिशनची आई बायनाबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. उंच, किडकिडीत, कमी बोलणारी. नऊ वर्षं साखरेच्या आजाराची गोळी घेत होती, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून. मुलाने कलौंजी आणल्यावर तीही सकाळी चिमूटभर चावून खाऊ लागली. कशासाठी खायची हे तिने विचारलं नाही. मुलाने आणलंय, तर खायचं.

बायनाबाई खोटं बोलत नाही, ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, आणि घरच्यांना जरा जास्तच. तिचा नवरा असताना एकदा शेजाऱ्याशी बांधाची तक्रार झाली. तलाठी आला, माणसं जमली. तलाठ्याने सहज म्हणून बायनाबाईला विचारलं, तर तिने डोक्यावरचा पदर सावरून सांगितलं की आमच्याच नांगराची दोन तासं बांध ओलांडून तिकडं गेलीत. नवरा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. तिने महिनाभर त्याचं ताट वाढलं आणि तीही बोलली नाही. पुढे कुठेही वाद झाला की लोक तिला विचारायला यायचे, आणि तिच्या घरचे लोक तिला आत बसवून ठेवायचे.

एका बाजाराच्या दिवशी घाण्यावर गर्दी होती. रंगनाथ पुन्हा आला होता. त्याच्या बायकोला साखर होती. त्याने चारचौघांत विचारलं की तुमच्या घरी कुणी हे घेतं का, का नुसतं आम्हालाच देता? राधाकिशनने खरं तेच सांगितलं, की माय रोज घेते. फरक आहे का? आहे ना. साखर उतरली? उतरली. इथपर्यंत तो अंदाजाने चालला होता. मग रंगनाथने विचारलं, “आन गोळी?”

तीन माणसं बाटली हातात धरून उभी होती. आणखी दोघं दारात थांबली होती.

“गोळी सुटली मायची,” राधाकिशन म्हणाला.

तो काही सराईत खोटारडा नव्हता. आईच्याच पोटचा होता. त्याचा हिशेब असा होता की बी एवढं गुणाचं आहे म्हटल्यावर महिन्या-दोन महिन्यांत आईची गोळी सुटणारच आहे. आपण बातमी फक्त जरा आधी दिली. त्या दिवशी सगळ्या बाटल्या संपल्या.

दोन दिवसांनी सारजाबाई बायनाबाईकडे आली. दोघींची घरं लागून, चाळीस वर्षांचा शेजार. बायनाबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. सारजाबाईने इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं की तुमची गोळी सुटली म्हणतात, खरं का?

“कोन म्हनलं?”

“राधाकिसननंच सांगितलं म्हनं. दुकानात, चारचौघात.”

बायनाबाईचा हात डाळीत थांबला.  मग ती म्हणाली, “त्यानं सांगितलं तर सुटली आसंल.” आणि पुन्हा खडे वेचू लागली.

त्या संध्याकाळी तिने गोळी घेतली नाही. ताटाशेजारची गोळी उचलली, पदराला पुसली आणि पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याखाली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळचीही तिथेच गेली. मुलाने चार माणसांत एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती. आणि ती खरी करणं जगात फक्त एकाच माणसाच्या हातात होतं.

त्यानंतर बाया विचारायला येऊ लागल्या, आणि बायनाबाईला त्यांच्याकडे सरळ बघून उत्तर देता येऊ लागलं. व्हय, मी गोळी घेत न्हाई. एवढंच ती सांगायची. बायनाबाईने सांगितलं म्हटल्यावर गावात त्याला सरकारी शिक्क्यापेक्षा जास्त वजन. घाण्यावरची गर्दी वाढली. राधाकिशनला वाटलं, आई आपल्याला सांभाळून घेते आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्यासाठी खोटं बोलते आहे या विचाराने त्याला थोडी लाज वाटली आणि बराच आनंद झाला.

होळी झाली, ऊन चढलं. बायनाबाईला तहान लागू लागली. उशाचा तांब्या दोनदा भरावा लागतो आहे हे राधाकिशनची बायको राजेश्री हिच्या लक्षात आलं. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, उन्हाळा लागला, सगळ्यांनाच तहान लागते. बायनाबाई वाळत चालली. तिचे दंड सैल पडले, चोळी ढिली झाली. घाण्यावर लोक म्हणू लागले की म्हातारी कशी हलकी झाली बघा, आणि पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत राधाकिशनने 'वजन आटोक्यात' असा एक फायदा वाढवला. मग शेतात गेली असताना तिच्या पायाला बाभळीचा काटा लागला. काटा निघाला, जखम भरेना. तिने हळद लावली. नंतर मुलाच्या घाण्याचं तेल लावलं.

प्रियदर्शनी पाडव्याला घरी आली. दारातून आत येऊन आजीच्या पाया पडायला वाकली आणि तिथेच बसून राहिली. पायाची करंगळी निळी-काळी पडली होती. तिने आजीला फार काही विचारलं नाही. बॅगेतून आजीसाठी आणलेलं साखर मोजायचं मशीन काढलं, बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. मशीनवर आकडा आलाच नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं आली.

“काय म्हनतंय गं ते?” बायनाबाईने विचारलं.

“हाय म्हणतंय, आजी.”

“मंग हाय म्हनल्यावर हाय. न्हाई कोन म्हनायलंय?”

प्रियदर्शनीला हसू आलं नाही. तिने वडिलांना समजावून सांगितलं की मशीन सहाशेपर्यंत मोजतं, त्याच्या वर गेलं की नुसतं एवढं म्हणून गप्प बसतं. राजेश्री तोवर जीप सांगायला निघाली होती. श्रीखंड तसंच पातेल्यात राहिलं. कपडे भरताना प्रियदर्शनीने ट्रंक उघडली आणि लुगड्याखाली तिला गोळ्यांचा ढीग सापडला, काही पाकिटातल्या, बऱ्याच सुट्या, पुसून ठेवलेल्या.

“आजी, ह्या कधीपासून बंद हायत?”

बायनाबाईने मुलाकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. “तुझ्या बापानं सांगितलं तवापासून.”

“मी? मी कवा सांगितलं?” राधाकिशन म्हणाला. मग त्याला आठवलं. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला, आणि जीप आली तेव्हा राजेश्रीला त्याला बाजूला सरकवून सासूला बाहेर न्यावं लागलं.

परभणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने पाय बघितला, कागद बघितले आणि विचारलं की नऊ वर्षं नियमाने घेतलेली गोळी अशी अचानक का सोडली? कुणी सांगितलं का? राधाकिशन कॉटच्या पायथ्याशी उभा होता. त्याने तोंड उघडलं.

“इसरले,” बायनाबाई म्हणाली.

“दीड महिना विसरलात?”

“वय झालं, बाई. इसरायलं मला.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर तसं लिहून घेतलं. राधाकिशनने उघडलेलं तोंड मिटलं. आई खोटं बोलताना कशी दिसते हे त्याने पहिल्यांदा बघितलं. काहीच वेगळी दिसत नव्हती. त्याला वाटलं, ही इतकी सहज बोलते, म्हणजे हिला आधीही येत असणार. हिने फक्त कधी वापरलं नव्हतं.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. दहा दिवस दवाखान्यात गेले. त्यात सोनपेठहून भेटायला माणसं येत राहिली. रंगनाथ आला तो रिकाम्या हाताने नाही. त्याने पिशवीतून कलौंजीच्या तेलाची बाटली काढून कॉटवर ठेवली. राधाकिशनच्याच घाण्याची होती. दुकान राजेश्रीने उघडं ठेवलं होतं, तिच्याकडून त्याने विकत घेतली होती.

राधाकिशन त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला आणि सगळं सांगून टाकलं. आईची गोळी सुटली नव्हती, मी खोटं बोललो, माझं बोलणं खरं करायला तिने गोळी सोडली, त्यात हे झालं.  रंगनाथने शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवली. थोडा विचार केला.

“म्हंजे दीड महिना गोळी न्हाई,” तो म्हणाला, “आन नुसत्या करंगळीवर निभावलं. कलौंजी व्हती म्हनून.”

घरी आल्यावर राधाकिशनला झोप लागेना ती वेगळ्याच गोष्टीने. आईने गोळी सोडली. पण आईचं ऐकून आणखी किती जणांनी सोडली असेल? ज्यांना ज्यांना बाटली दिली होती त्यांची नावं त्याला आठवत होती. तो मोटारसायकल काढून सकाळपासून घरोघर फिरू लागला. प्रत्येक ओसरीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि मान खाली घालून विचारायचं, की तुम्ही गोळ्या बंद तर केल्या नाहीत ना?

पहिल्याच घरी रंगनाथच्या बायकोने त्याच्याकडे वेड्यासारखं बघितलं. गोळी कोण बंद करतंय, म्हणाली. तेल ती घेतच नव्हती, कडू लागतं म्हणून. म्हशीच्या खुराला लावत होती. दुसऱ्या घरचे सटवाजी तेल घेत होते, गोळी घेत होते, आणि तेल घेतो म्हणून जेवणानंतर एक लाडूही घेत होते. तिसऱ्या घरी बाटली देवाजवळ ठेवलेली होती, बूच न काढता. असा तो तीन दिवस फिरला. कुणीही गोळी सोडली नव्हती. सगळ्यांचा कलौंजीवर विश्वास होता, आणि सगळ्यांनी तो अंगाला लागणार नाही इतक्या बेताने ठेवला होता. हजार पत्रकं वाटली होती. त्याच्या शब्दावर शेवटपर्यंत गेलेलं माणूस एकच निघालं, आणि ते घरातलंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो आईजवळ बसला. ती पाय पाटावर ठेवून भिंतीला टेकली होती.  तो बोलायचं खूप ठरवून आला होता, पण तोंडातून भलतंच निघालं.

“माय, तुला म्हनता आलं असतं की सुटली म्हनून. आन गुपचूप घेत राहायचं. कोनाला कळलं असतं?”

बायनाबाईने विचार केला. खरोखरच केला, कारण उत्तर यायला वेळ लागला.

“तवा सुचलं न्हाई,” ती म्हणाली. “दवाखान्यात सुचलं. पन तोवर उशीर झाल्ता.”

राधाकिशन उठून विहिरीकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. 

मग तो घाण्यावर येणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगू लागला. बी चांगलं आहे, पण औषध नाही. एक चमचा म्हणजे तीन ग्रॅम. त्यात प्रथिनं अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त तर ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत असतात. लोह असतं, पण चमच्यात किती येणार? गोळी सोडू नका. प्रियदर्शनीने नवीन पत्रक लिहून दिलं होतं, त्यात काढलेल्या दोन ओळी सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात होत्या. लोक ते पत्रक घडी करून खिशात ठेवायचे, एकमेकांकडे बघायचे आणि दोन बाटल्या मागायचे. गावात दोन मतं पडली. एका मताप्रमाणे त्याला परभणीच्या डॉक्टरांनी दम दिला होता. दुसऱ्या मताप्रमाणे माल कमी राहिला होता आणि तो घरच्यांसाठी राखून ठेवत होता. दुसरं मत मानणारे जास्त तातडीने येत.

त्याने कलौंजी ठेवणंच बंद केलं. पंधरा दिवस तेही करून बघितलं. माणसं पाथरीला जाऊन त्या व्यापाऱ्याकडून आणू लागली, आणि तिथे त्यांना बावीस फायद्यांचा जुना कागद मिळू लागला. प्रियदर्शनी म्हणाली की मग आपल्याकडूनच नेऊ द्या, निदान खरं ऐकून तरी नेतील. कलौंजी परत आली.

जखम भरल्यावर बायनाबाईने स्वतःहून सांगितलं की मला दुकानात बसव. आता ती बाजाराच्या दिवशी घाण्याशेजारच्या खुर्चीत बसते. गोळीचं पाकीट चोळीत असतं. कुणी विचारलं की दाखवते, मग पाय दाखवते. फार बोलत नाही.

परवा सोनपेठच्याच वरच्या गल्लीतली एक बाई आली होती. तिने पाकीट बघितलं, पाय बघितला, पत्रकही नीट वाचलं. वाचून झाल्यावर तिने विचारलं की मग तुम्ही कलौंजी आता खातच नाही का?

“खाते की,” बायनाबाई म्हणाली. “लोनच्यात घालते.”

“कशासाठी?”

“चव लागती.”

बाईने मान डोलावली. तिने इकडेतिकडे बघितलं, खुर्चीजवळ वाकली आणि हळूच विचारलं की लोणच्यातून घेतलं तर जास्त लागू पडतं का? बायनाबाईने नाही म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं. बाईने समजल्यासारखं हसून राधाकिशनकडे पाव किलो मागितली, आणि तो तोलत असताना म्हणाली, म्हातारी लय पक्की हाय, काई उघड करून सांगत न्हाई.